काचपेटीतील हद्द : घरगुती सागरी मत्स्यालयाचा इतिहास आणि ट्रिगरफिशची ‘आक्रमकता’

प्रस्तावना :

घरात मासे पाळण्याचा छंद हा सामान्यतः इतिहासाचा विषय मानला जात नाही. राज्यव्यवस्था, जमीनमहसूल, सामाजिक चळवळी अशा विषयांच्या तुलनेत दिवाणखान्यातील एक काचपेटी क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पर्यावरणाच्या इतिहासलेखनाने गेल्या काही दशकांत प्राणी, वनस्पती, जंगले व समुद्र यांना इतिहासाच्या कक्षेत आणले आहे. माणसाने निसर्गाचे कोणते रूप घरात आणले, ते टिकवण्यासाठी कोणते तंत्र वापरले, त्याचा खर्च कोणी सोसला आणि त्या अनुभवातून निसर्गाविषयी कोणती मते रूढ झाली, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका माशाच्या आधारे केला आहे. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींत राहणारा ट्रिगरफिश हा घरगुती सागरी मत्स्यालयात ‘आक्रमक’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातही ‘बॅलिस्टॅपस अन्ड्युलेटस’ ही नारिंगी तिरप्या रेघांची जात सर्वांत भांडखोर जातींत गणली जाते. हा मासा सोबतच्या माशांना चावतो, दगड हलवतो, नळ्या व तारा कुरतडतो आणि अखेरीस पेटीत एकटाच राहतो, असा पाळणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. हा अनुभव खोटा नाही. मात्र त्यावरून काढला जाणारा ‘या माशाचा स्वभावच आक्रमक’ हा निष्कर्ष तपासून पाहणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. ट्रिगरफिशच्या नामकरणाचा व वर्णनाचा इतिहास पाहणे.
२. घरगुती सागरी मत्स्यालयाची कल्पना, तिचे तंत्र व व्यापार यांचा विकास समजून घेणे.
३. ‘आक्रमक’ हे विशेषण माशाचे किती आणि काचपेटीचे किती, याचा विचार करणे.

१. नाव आणि शस्त्र :

ट्रिगरफिशच्या कुळात सुमारे ४० जाती आहेत. त्यांच्या पाठीवरील पहिला काटा जाड व मजबूत असतो. तो उभारला की त्यामागील दुसरा लहान काटा त्याच्या बुडाशी पाचरीसारखा बसतो. त्यानंतर पहिला काटा कितीही दाबला तरी मिटत नाही. दुसरा काटा दाबला तरच तो मिटतो. बंदुकीचा चाप आणि ही रचना यांतील साम्यामुळे इंग्रजीत या माशाला ‘ट्रिगरफिश’ हे नाव मिळाले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ साली या माशांसाठी ‘बॅलिस्टिस’ हे प्रजातीनाम वापरले. तेही ‘बॅलिस्टा’ या प्राचीन रोमन अस्त्रयंत्राशी नाते सांगते. म्हणजे युरोपीय भाषांत हा मासा शस्त्राच्या नावानेच दाखल झाला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या काट्यामुळे हे नाव पडले, तो काटा हल्ल्याचा नाही. संकट येताच किंवा रात्री विश्रांतीसाठी हा मासा खडकाच्या कपारीत शिरतो, काटा उभारतो आणि स्वतःला तेथे घट्ट अडकवून घेतो. म्हणजे ज्याला चाप म्हटले गेले, ती वस्तुतः दाराची कडी आहे. नाव देणाऱ्याच्या परिचयाची वस्तू कोणती, यावर नाव ठरते. नाव धारण करणाऱ्याच्या जीवनाशी त्याचा मेळ बसतोच असे नाही. हवाई बेटांच्या भाषेत याच कुळातील माशाला ‘हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ’ असे दीर्घ नाव आहे. त्याचा आशय ‘डुकरासारखे नाक असलेला ट्रिगरमासा’ असा होतो. त्या नावात शस्त्र नाही, स्वभावही नाही. केवळ चेहऱ्याची ओळख आहे.

बॅलिस्टॅपस अन्ड्युलेटस या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारी व्यक्ती इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आफ्रिकेतील नायजर नदीच्या शोधासाठी प्रसिद्ध झालेला मंगो पार्क हा तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘वूस्टर’ या जहाजावर सहायक शल्यवैद्य होता. १७९३ साली हे जहाज सुमात्रा बेटावरील बेंकुलेन येथे गेले. तेथे कंपनीचे मिरीच्या व्यापाराचे ठाणे होते. परतल्यावर पार्कने सुमात्रातील आठ नव्या माशांची वर्णने लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे ठेवली आणि ती १७९७ साली प्रसिद्ध झाली. आपला मासा त्या आठांपैकी एक होय. कंपनीचा व्यापार, जहाजावरील वैद्य आणि लंडनमधील विद्वत्सभा यांच्या साखळीतून हा मासा युरोपीय ज्ञानात दाखल झाला. त्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही पार्कचे नाव व १७९७ हे वर्ष लिहिले जाते. ज्या किनाऱ्यावरून तो आला, तेथील कोळ्यांना मात्र त्या नावात स्थान नाही.

अठराव्या शतकातील वर्गीकरणपद्धती नमुन्याच्या शरीरावर आधारलेली होती. परांतील काट्यांची संख्या, शरीराचा आकार, रंग व रेघा यांची त्यात नोंद होई. मेलेल्या नमुन्याला स्वभाव नसतो. त्यामुळे हा मासा ‘आक्रमक’ ठरण्यासाठी तो जिवंतपणी माणसाच्या नजरेसमोर, तेही दीर्घकाळ, असणे आवश्यक होते. ती सोय काचपेटीने केली.

२. काचपेटीचा उदय आणि ‘समतोला’ची कल्पना :

समुद्रातील जीव काचेच्या पेटीत ठेवून त्यांचे निरीक्षण करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत दोन स्त्रियांचे कार्य महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या झान व्हिलप्र्यू-पॉवर यांनी सिसिलीतील मेसिना येथे १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या वापरून आर्गोनॉट या अष्टपाद प्राण्याचा अभ्यास केला आणि तो आपले कवच स्वतःच तयार करतो हे दाखवून दिले. इंग्लंडमध्ये अ‍ॅना थिन यांनी १८४६ साली टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून उघड्या खिडकीशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हापुन्हा ओतावे लागे आणि हे काम घरातील मोलकरीण करीत असे. घरगुती सागरी मत्स्यालयाचा पहिला पंप हा असा एका मोलकरणीचा हात होता, ही गोष्ट या छंदाच्या इतिहासात क्वचितच अधोरेखित केली जाते.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली आपला प्रयोग मांडला. एका भांड्यात मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवल्यास वनस्पती प्राणवायू पुरवतात, गोगलगायी कुजका भाग खातात आणि पाणी न बदलता जीव जगतात, असे त्याने दाखवले. यातून ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना पुढे आली. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. त्यात मोलाचा वाटा असलेल्या फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ १८५४ साली आला आणि मध्यमवर्गीय घरांत या छंदाची लाट उसळली. काचेवरील अबकारी कर १८४५ साली रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे किनारा शहराच्या जवळ आला होता. विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड याने लंडनमध्ये सागरी जीव, समुद्राचे पाणी व पेट्या विकण्याचा व्यवसायच सुरू केला.

या कालखंडाविषयी दोन निरीक्षणे नोंदवणे आवश्यक आहे. पहिले असे की, समतोलाची कल्पना ही केवळ रासायनिक राहिली नाही. काचपेटी म्हणजे एक छोटे, शांत, परस्परांना पूरक असे जग, हा आदर्श तिच्याबरोबर घरात आला. ज्या जगात प्रत्येक रहिवाशाने शेजाऱ्याला उपयोगी पडावे अशी अपेक्षा असते, तेथे शेजाऱ्याला खाणारा जीव अपराधी ठरतो. शिकार ही समुद्रातील नित्याची घटना. परंतु पेटीत ती समतोलाचा भंग ठरली. ‘चांगला रहिवासी’ व ‘वाईट रहिवासी’ ही विभागणी येथून सुरू झाली. ट्रिगरफिश तेव्हा घरात आलाही नव्हता. परंतु त्याच्यावरील आरोपपत्राचा मसुदा असा आधीच तयार होता.

दुसरे निरीक्षण किनाऱ्याविषयी आहे. छंदाची लाट आल्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतील डबकी संग्राहकांनी ओरबाडून काढली. गॉसचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात या विध्वंसाची आणि त्याबद्दल आपल्या वडिलांना वाटणाऱ्या खंतीची नोंद केली आहे. ज्याने लोकांना किनाऱ्याचे सौंदर्य दाखवले, त्याच्याच लेखनामुळे ते सौंदर्य नष्ट होण्यास हातभार लागला. घरातील समतोलासाठी बाहेरचा समतोल मोडणे, हा या इतिहासातील पुढेही आढळणारा विरोधाभास आहे.

३. विसाव्या शतकातील तंत्र व व्यापार :

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय घरांत थंड समुद्रातील जीव जगू शकत. प्रवाळभित्तीतील मासे नव्हे. त्यांना उबदार, स्वच्छ व सतत खेळते पाणी लागते. होनोलुलू येथील वायकीकी मत्स्यालय १९०४ साली उघडले. तेथे अशा माशांचे दर्शन लोकांना घडू लागले. परंतु समुद्राकाठची सार्वजनिक संस्था आणि समुद्रापासून दूर असलेले घर यांत मोठे अंतर होते.

हे अंतर विसाव्या शतकाच्या मध्यास कमी झाले. विजेवर चालणारे हवापंप व तापनियंत्रक उपलब्ध झाले. धातूच्या चौकटीच्या जुन्या पेट्या खाऱ्या पाण्याने गंजत. सिलिकॉनने सांधलेल्या पूर्ण काचेच्या पेट्यांनी १९६० च्या दशकात ही अडचण दूर केली. पाण्यात मिसळण्याचे तयार कृत्रिम समुद्री मीठ याच दशकात बाजारात आले. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणारा विषारी अमोनिया वाळू-दगडांतील जिवाणू क्रमाने नायट्राइट व नायट्रेट यांत बदलतात, हे समजल्यावर गाळणयंत्रणेला शास्त्रीय आधार मिळाला. फ्लोरिडातील रॉबर्ट स्ट्रॉन याचे घरगुती सागरी मत्स्यालयावरील पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले. इंडोनेशियातील ली चिन एंग याने १९६१ साली जिवंत दगड व प्रवाळ वापरून समुद्राचाच एक तुकडा पेटीत वसवण्याची पद्धत मांडली.

याच सुमारास विमानवाहतूक व प्लॅस्टिकच्या पिशव्या यांमुळे जिवंत मासे खंडांच्या पलीकडे पाठवणे शक्य झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फिलिपिन्समधून सागरी शोभिवंत माशांची निर्यात सुरू झाली आणि १९६० च्या दशकात तेथे सायनाइडचा वापर शिरला. सोडियम सायनाइडचे द्रावण बाटलीतून प्रवाळाच्या फटीत सोडले की मासा गुंगतो आणि सहज हाती लागतो. परंतु आसपासचे प्रवाळ मरतात आणि गुंगलेले अनेक मासेही पुढील प्रवासात दगावतात. कपारीत काटा रोवून बसणारा मासा जाळ्याने बाहेर काढणे किती अवघड असेल, याची कल्पना वर वर्णिलेल्या रचनेवरून येते. स्वतःच्या दाराला कडी लावणाऱ्या माशाला बाहेर काढायचे तर एक तर दार फोडावे लागते, नाही तर आत विष सोडावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक संस्थेच्या २००३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ते २.४ कोटी सागरी शोभिवंत माशांचा व्यापार होत होता आणि त्यांत १,४७१ जातींचा समावेश होता. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी सुमारे ९० टक्के मासे संवर्धनातून येत; सागरी मासे मात्र जवळजवळ सर्वच समुद्रातून पकडलेले होते. ट्रिगरफिशची अंडी नैसर्गिक स्थितीत फुटतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले खुल्या समुद्रात वाहत जातात. ही अवस्था पेटीत साधणे कठीण असल्याने घरात येणारा ट्रिगरफिश हा बहुधा समुद्रातच वाढलेला असतो. म्हणजे तो पाळीव प्राणी नसून बंदी केलेला वन्य प्राणी आहे.

४. सहा फुटांची हद्द :

आता प्रत्यक्ष पेटीत काय घडते ते पाहू. बॅलिस्टॅपस अन्ड्युलेटस पूर्ण वाढीस सुमारे ३० सेंटिमीटर होतो. दुकानात तो बहुधा बोटभर लांबीचा असताना विकला जातो. गडद हिरवट अंगावरील नारिंगी रेघा, एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे डोळे आणि माणसाकडे पाहत काचेशी येण्याची सवय यांमुळे तो कोणालाही आवडावा असा दिसतो. अशा माशासाठी किमान ६ फूट लांबीची, सुमारे ४७५ लिटर पाण्याची पेटी असावी असा सल्ला दिला जातो. ६ फूट म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर. पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या केवळ सहापट. शेपटीचे काही फटकारे मारताच त्याचे जग संपते.

या पेटीत मासा आपली हद्द आखतो. समुद्रात हद्दीवरून हुसकावलेला मासा दूर निघून जातो आणि भांडण संपते. पेटीत हुसकावलेला मासा चार फुटांवर काचेला अडतो. तो सतत नजरेसमोर राहतो आणि म्हणून भांडण कधीच संपत नाही. त्याचा शेवट परांच्या चिंध्या होण्यात वा मृत्यूत होतो. पाळणाऱ्यांनी अनुभवातून काही उपाय शोधले आहेत. ट्रिगरफिश सर्वांत शेवटी सोडावा, म्हणजे पेटीवर त्याचा आधीचा हक्क राहत नाही. नवा मासा आणताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुनी हद्द पुसली जाते. काही काळ मध्ये जाळीचा पडदा ठेवावा. अन्न म्हणून कवचासह कोळंबी, शिंपले द्यावेत, म्हणजे सतत वाढणाऱ्या दातांची झीज होते. या प्रत्येक उपायातील गृहीत लक्षात घेण्यासारखे आहे. दगडांची मांडणी बदलल्याने भांडण कमी होत असेल, तर भांडणाचे मूळ केवळ माशाच्या रक्तात नसून त्या मांडणीतही आहे, हे पाळणारा नकळत मान्यच करीत असतो.

दगड उलथणे, वाळूवर पाण्याचा झोत मारणे, तारा कुरतडणे या तक्रारींचेही तसेच आहे. या माशाच्या वरच्या जबड्यात बाहेरच्या ओळीत छिन्नीसारखे आठ दात असतात. त्याचे समुद्रातील अन्न म्हणजे खेकडे, शिंपले आणि काटेरी कवचाचे सागरी अर्चिन. वाळू उडवून, दगड उलटून, कवच फोडून खाणे हेच त्याचे जगणे आहे. हान्स फ्रिके या जर्मन संशोधकाने १९७० च्या दशकात तांबड्या समुद्रातील ट्रिगरफिश लांब काट्यांचे अर्चिन कसे उलटवतात याचा अभ्यास केला. पाण्याचा झोत मारून अर्चिनला पालथे करायचे आणि खालच्या, कमी काट्यांच्या बाजूने फोडायचे, हे त्याचे कसब. डोळे डोक्यावर उंच व मागे असल्याने काट्यांची इजा टळते. पेटीत अर्चिन नसतो. तापनियंत्रकाची तार असते. कसब तेच राहते, त्याचे नाव मात्र ‘उपद्रव’ होते.

५. लॉरेन्झ आणि आक्रमकतेचा सिद्धान्त :

विसाव्या शतकात आक्रमकता या संकल्पनेला शास्त्रीय व सार्वजनिक प्रतिष्ठा देणारा ग्रंथ म्हणजे कोनराड लॉरेन्झ यांचा १९६३ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेला आक्रमकतेवरील ग्रंथ. १९६६ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला. या ग्रंथाचा आरंभ फ्लोरिडाच्या प्रवाळभित्तीवरील निरीक्षणांनी होतो आणि पुढचे विवेचन मत्स्यालयातील प्रवाळमाशांचे आहे. भडक रंगांचे प्रवाळमासे प्रामुख्याने स्वजातीयांवर हल्ला करतात, त्यामुळे त्यांच्यात अंतर राखले जाते आणि अन्नाची वाटणी होते, असे लॉरेन्झ यांचे प्रतिपादन होते. पुढे हाच विचार त्यांनी माणसापर्यंत नेला. अ‍ॅशली मॉन्टाग्यू यांनी १९६८ साली संपादित केलेल्या ‘मॅन अँड अ‍ॅग्रेशन’ या संग्रहात अनेक अभ्यासकांनी त्यावर टीका केली. लॉरेन्झ यांना १९७३ साली दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, पेटीत पराभूत माशाला पळून जाण्यास जागा नसते आणि म्हणून तेथील लढत प्राणघातक होते, याची लॉरेन्झ यांना जाणीव होती. त्यांच्या विवेचनात आक्रमकता ही अंतर राखण्याची व्यवस्था होती. परंतु सर्वसामान्यांपर्यंत पोहोचताना ‘व्यवस्था’ मागे पडली आणि ‘आक्रमकता’ शिल्लक राहिली. संबंधाचे वर्णन करणारा शब्द व्यक्तीच्या स्वभावाचे लेबल झाला.

६. केनियाची प्रवाळभित्ती : तोच मासा, वेगळे नाव :

या लेबलाची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दिसते ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. केनियातील मालिंदी व वटामू ही सागरी उद्याने १९६८ साली स्थापन झाली. १९८० च्या दशकापासून टिम मॅक्लानाहन यांनी केनियातील संरक्षित व असंरक्षित प्रवाळभित्तींचा तुलनात्मक अभ्यास केला. जेथे खाण्यासाठी बेसुमार मासेमारी झाली होती, तेथे सागरी अर्चिनांची संख्या प्रचंड वाढलेली आढळली. अर्चिन शेवाळ खाताना प्रवाळाचा चुनखडीचा पायाही खरवडतात. त्यांची संख्या वाढली की प्रवाळभित्ती झिजू लागते. संरक्षित भागांत अर्चिन कमी व प्रवाळ अधिक होते. या अर्चिनांना खाणारा प्रमुख मासा म्हणून पुढे आला तो बॅलिस्टॅपस अन्ड्युलेटस.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा मासा समुद्रातही सौम्य नाही. अर्चिनवर हक्क सांगताना तो इतर स्पर्धक माशांना हुसकावतो, आणि याच वर्चस्वामुळे तो अर्चिनांचा प्रमुख नियंत्रक ठरतो. याच कुळातील, ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा टायटन ट्रिगरफिश विणीच्या काळात अंड्यांच्या खळग्यावर पहारा देतो आणि पाणबुड्यांनाही चावतो. म्हणून ‘समुद्रात शांत, पेटीत क्रूर’ अशी सोपी मांडणी टिकणार नाही. दोन्हीकडे वर्तन एकच आहे. फरक त्याच्या परिणामात आहे. प्रवाळभित्तीवर त्या वर्तनाला काळाची व जागेची सीमा असते आणि त्यातून प्रवाळाचे रक्षण होते. पेटीत त्या सीमा नाहीशा होतात आणि त्यातून शेजाऱ्यांचे मरण ओढवते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी या माशाला परिसंस्थेचा ‘कळीचा भक्षक’ म्हटले, तर छंदिष्टांनी ‘आक्रमक’. मासेमारी थांबवल्यानंतरही त्याची संख्या पूर्ववत होण्यास वर्षे नव्हे, तर दशके लागतात, असे केनियातील अनुभवावरून दिसून आले. जो मासा पेटीत नकोसा होतो, तो समुद्रातून गेल्यावर त्याची जागा भरणे इतके कठीण असते.

७. भारतीय संदर्भ :

भारतात समुद्री जीवांचे सार्वजनिक दर्शन घडवणारे मत्स्यालय मद्रास येथे १९०९ साली सुरू झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले आणि २०१५ साली ते नव्या रूपात पुन्हा खुले झाले. महाराष्ट्रातील शालेय सहलींच्या कित्येक पिढ्यांनी प्रवाळातील मासे प्रथम पाहिले ते याच काचेतून. क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानांतून रंगीत मासे घेऊन जाणारा मध्यमवर्ग पुढे तयार झाला.

बॅलिस्टॅपस अन्ड्युलेटस हा लक्षद्वीप व अंदमान येथील प्रवाळभित्तींचाही रहिवासी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ व समुद्रघोडे यांचा समावेश झाला. २०१७ साली मत्स्यालये व शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी प्राणिक्लेश प्रतिबंधक नियम काढण्यात आले; त्यांत १५८ जातींच्या माशांना पकडणे, विकणे व प्रदर्शित करणे निषिद्ध ठरवले होते. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. याच वर्षी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने मत्स्यालयांसाठी मासे पकडण्याच्या परवान्यांना पर्यावरणीय परीक्षणाची अट लागू असल्याचा निर्णय दिला. तेथे ट्रिगरफिश हा राज्यमासा आहे, ही बाब सूचक होय.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या कुळाचे आणखी एक रूप दिसते. लाल दातांचा काळसर ट्रिगरफिश, म्हणजे ‘ओडोनस नायगर’, गेल्या दोन दशकांत ट्रॉलरच्या जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आहे. एकेकाळी समुद्रात परत फेकला जाणारा हा मासा आता माशांची कुटी तयार करण्यासाठी जातो. काचपेटीत शेकडो रुपये मोजून आणलेला आणि जेटीवर टोपल्यांनी ओतलेला मासा एकाच कुळातील असतो. त्याचे मोल, त्याचे नाव आणि त्याच्याविषयीचे मत तो कोणाच्या हाती पडतो यावर ठरते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ट्रिगरफिशची ‘आक्रमकता’ ही कपोलकल्पित नाही. परंतु ती माशाचा स्वयंसिद्ध गुण म्हणून सांगणे अपुरे आहे. हद्द राखणारा मासा आणि हद्दच नसलेली जागा यांच्या संबंधातून ती निर्माण होते.

२. घरगुती मत्स्यालयाचा ‘समतोल’ हा प्रत्येक कालखंडात बाहेरच्या कोणाच्या तरी खर्चावर उभा राहिला. तो खर्च कधी मोलकरणीच्या श्रमाचा, कधी इंग्लंडच्या किनाऱ्याचा, तर कधी फिलिपिन्सच्या प्रवाळाचा होता.

३. एखादे विशेषण स्वभावाला जोडले की ते देणाऱ्याची जबाबदारी संपते. ‘मासा आक्रमक निघाला’ असे म्हटल्यावर पेटी लहान होती का, हा प्रश्न विचारावा लागत नाही.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अध्यापकांना विशेष महत्त्वाचा वाटावा. वसाहतकालीन कागदपत्रांत काही समाजांना ‘लढाऊ’, तर काहींना ‘गुन्हेगार’ ठरवले गेले. १८७१ च्या कायद्याने तर जन्मावरूनच गुन्हेगारी चिकटवली. माणूस आणि मासा यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु दोन्ही ठिकाणी अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न एकच आहे : हे विशेषण कोणी दिले, कोठे उभे राहून दिले आणि त्यासाठी किती जागा मोकळी ठेवली होती?

मंगो पार्कने सुमात्रातील त्या माशाचे काटे व रेघा मोजल्या, त्याला आता दोन शतकांहून अधिक काळ लोटला. त्यानंतर आपण त्याचा स्वभावही मोजला, परंतु तो सहा फुटांच्या काचेत. मासा पाळू इच्छिणाऱ्याने पेटी विकत घेण्यापूर्वी आणि इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने विशेषण वापरण्यापूर्वी त्या काचेची लांबी लक्षात घ्यावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.